नोंदणी क्रमांक काय सांगतो?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नावाखाली नोंदणी क्रमांक असतो. औषध योग्य आहे की नाही, हे रुग्णाला पारखता येत नाही. म्हणून देणाऱ्याची पात्रता कायदा आधीच तपासून नोंदवहीत लिहितो.

या नोंदवहीत नाव नसताना अ‍ॅलोपॅथीचा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. १९५६ च्या कायद्यानुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने दंडाची मर्यादा ५ लाखांवर नेली.

नोंदणी झालेल्या डॉक्टरने गैरवर्तन केल्यास राज्याची वैद्यकीय परिषद त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. तुरुंगवासाची शिक्षा मात्र न्यायालयच देते.

मुंबईतील एका नोंदणीकृत होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. पुढे रुग्ण दगावला. जी पद्धत आपण शिकलोच नाही तिचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले आणि ३ लाख रुपयांची भरपाई देवविली.

तेव्हा क्रमांक आहे एवढे पाहून थांबू नये. तो कोणत्या पद्धतीचा आहे, हेही विचारावे.