भार तेलावर नको, पोलादावर हवा

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पुढे जळगावही त्याच सुरत-नागपूर मार्गावर. गाड्या इतक्या, म्हणून गॅरेजही पुष्कळ. खड्ड्यात उतरून काम करण्याऐवजी आता अनेक ठिकाणी दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट दिसते.

बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम. त्याच्या जोरावर दीड टनाची कार सहज वर जाते. पण सील झिजलं, नळी फुटली की तोच दाब नाहीसा होतो. म्हणून खांबात यांत्रिक लॉक असतं. गाडी चढताना दोन्ही खांबांतून ‘खट्‌ खट्‌’ आवाज आला पाहिजे. हवी ती उंची गाठल्यावर गाडी किंचित खाली घेऊन लॉकवर टेकवायची. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मला तीच सर्वांत घातक वाटते.

भरलेला पिकअप तसाच चढवू नये. भार मागे झुकतो. गाडीखालून इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवलं तरी तोल सरकतो, तेव्हा आधाराचा स्टँड आधीच लावावा.

खानदेशी उन्हाळा आणि धूळ रबरी सीलना सोसत नाही. तेलाची गळती, जमिनीतले बोल्ट, वायररोपच्या तुटलेल्या तारा नियमित पाहाव्यात. रोपवरून उघडा हात फिरवू नये, कापड घ्यावं.

गॅरेजमालकांनो, एका खांबाचं लॉक जरी वाजलं नाही, तरी मिस्त्रीला गाडीखाली पाठवू नका.