बेसचा ‘आपला’ टोन, मिरजेची जवारी आणि एका वेळी एकच बटण

बेस गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, ‘तुला टोन कसा हवाय?’ उत्तरं साधारण ठरलेली असतात. ‘जाडा हवा’, ‘थोडा उबदार’, ‘पंच पाहिजे’, ‘चिखल नको’. सगळे शब्द खरे आहेत, पण यातल्या एकाही शब्दावर प्रयोग करता येत नाही. पीएचडीच्या प्रस्तावांतही आपण हेच करतो. ‘कार्यक्षमता वाढवणे’, ‘गुणवत्ता सुधारणे’ असं लिहितो आणि मार्गदर्शक विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय मोजणार?’

म्हणून आज बेस आणि इफेक्ट पेडल घेऊ. आवडीसारखी धूसर गोष्ट मोजता येईल अशा प्रश्नांत कशी तोडायची, हे इथे छान दिसतं. बेस वाजवता येत नसेल तरी काही अडत नाही.

१. टोन म्हणजे काय?

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार ई. ती मोकळी छेडली की मूळ वारंवारता साधारण ४१.२ हर्ट्झ. पण तार फक्त तेवढंच बोलत नाही. त्याच्या दुप्पट ८२.४, तिप्पट १२३.६, चौपट १६४.८ असे उपस्वरही सोबत येतात. कोणता उपस्वर किती मोठा आणि तो किती वेळात विझतो, यातून टोन ठरतो. सुरुवातीचा ‘टक्’ किती टोकदार आहे, हाही टोनचाच भाग.

आता गंमत बघा. मोबाइलचा छोटा स्पीकर ४१ हर्ट्झ जवळपास वाजवतच नाही. तरी गाण्यातला बेस आपल्याला त्याच सुरात कळतो. उपस्वरांमधलं अंतर ४१.२ आहे हे मेंदू ओळखतो आणि गायब असलेला मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. नाशिक ढोलचा व्हिडिओ मोबाइलवर बघा. ताल कळतो, ढोल आहे हेही कळतं, पण मिरवणुकीत छातीत बसणारा दणका नसतो. सूर ओळखता येणं आणि खालची ऊर्जा प्रत्यक्ष पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बेस कमी वाटतोय’ या एका तक्रारीत असे दोन प्रश्न लपलेले असू शकतात.

२. पेडलच्या दोन जाती

दुकानात पेडल रंगाने आणि नावाने ओळखतात. आपण ती गणिताने ओळखू.

पहिली जात रेषीय. इक्वलायझर यात येतो. तो असलेल्या वारंवारता कमी-जास्त करतो, नवीन काही तयार करत नाही. आत ४१ आणि ८२ गेले तर बाहेर ४१ आणि ८२ च येतात, फक्त प्रमाण बदलतं.

दुसरी जात अरेषीय. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ यातले. ते लहरीचे शेंडे कापतात किंवा दाबतात आणि त्यातून आत नसलेल्या वारंवारता जन्माला येतात. लहरीची वरची आणि खालची बाजू सारखीच कापली तर शुद्ध स्वरातून तिप्पट, पाचपट असे विषम उपस्वर निघतात. एकच बाजू जास्त कापली तर दुप्पट, चौपट हे समही येतात. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. ५५ आणि ८२.४ हर्ट्झ एकत्र गेले की २७.४ चा गुरगुराट खाली तयार होतो. म्हणून फझ लावून बेसवर दोन तारा एकदम छेडताना जपून राहावं लागतं.

कॉम्प्रेसर या दोन्हींच्या मधे कुठेतरी. तो मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करतो. समजा उंबरठा उणे २० डेसिबल आणि गुणोत्तर ४ ला १. आत उणे ८ चा ठोका आला, म्हणजे उंबरठ्याच्या १२ वर. बाहेर तो फक्त ३ वर येईल, म्हणजे उणे १७. जोराची आणि हळू छेड आता जवळजवळ येतात. ‘पंच’ म्हणतात तो बराचसा इथल्या एका बटणावर असतो. दाबायला सुरुवात करण्याआधी कॉम्प्रेसर किती मिलिसेकंद थांबतो, ते हे बटण ठरवतं. जास्त थांबला तर सुरुवातीचा ‘टक्’ निसटून पुढे जातो.

फझचा जन्मही बेसशी जोडलेला आहे. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते आणि कन्सोलचा एक चॅनल बिघडलेला होता. आवाज फाटून आला, पण तो तसाच ठेवला गेला. गाणं १९६१ मध्ये आलं आणि गाजलं. पुढच्याच वर्षी तोच फाटका आवाज मुद्दाम काढणारं माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. बिघाड सगळ्यांकडे होतात. इथे कुणीतरी तो पुसून न टाकता ‘हे का होतंय आणि पुन्हा करता येईल का’ असं विचारलं.

३. क्रम बदलला की उत्तर बदलतं

दोन इक्वलायझर एकामागे एक लावले आणि त्यांची अदलाबदल केली तर निकाल तोच. गुणाकारासारखं. पण साखळीत एक अरेषीय पेडल आलं की हे मोडतं.

कागदावर करून बघा. पेडल ‘क’ आवाज निम्मा करतं. पेडल ‘ख’ १ च्या वरचं सगळं कापून १ करतं. आत १.६ पाठवा. आधी क, मग ख: १.६ चे ०.८ झाले, ते १ च्या आतच आहेत, कापलं काहीच नाही. उत्तर ०.८. आधी ख, मग क: १.६ चा १ झाला, मग ०.५. पेडल तीच, बटणं तीच, उत्तर वेगळं आणि आकारही वेगळा. पहिल्यात लहर शाबूत आहे, दुसऱ्यात शेंडा गेलेला आहे.

हे रोजच्या बेसला कुठे लागतं? गिटारची सर्वांत खालची ई ८२.४ हर्ट्झ, बेसची त्याच्या निम्मी. गिटारसाठी केलेली बरीच ओव्हरड्राइव्ह पेडल कापण्याआधी खालच्या वारंवारता गाळतात. बेसला ती लावली की जमीनच निघून जाते. मग इक्वलायझरने मागून कितीही बेस वाढवा, जे गळलं ते नीट परत येत नाही. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे सिग्नल दोन वाटांनी नेणं. एक वाट स्वच्छ, दुसरी ओव्हरड्राइव्हमधून, आणि शेवटी दोन्हींची मिसळ. अनेक बेस पेडलवर ‘ब्लेंड’ नावाचं बटण असतं ते याचसाठी. खालचं बळ स्वच्छ वाटेतून मिळतं, वरची धार दुसरीतून.

प्रयोगशाळेतही हेच आहे. आधी गाळणं आणि मग उंबरठा लावणं, की आधी उंबरठा आणि मग गाळणं? प्रबंधात ‘डेटा गाळला आणि वर्गीकृत केला’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला क्रम कळत नाही आणि प्रयोग पुन्हा करता येत नाही.

४. वीज नसलेलं पेडल: मिरजेची जवारी

हे सगळं आयात केलेलं वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मिरजेला चला. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्यं घडवण्याची ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची, आणि तिच्या सुरुवातीला फरीदसाहेब हे नाव येतं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले ते कारागीर.

तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वरून किंचित गोलसर असते. तार तिच्यावर एका बिंदूवर टेकत नाही, कंप पावताना त्या उतारावर घासत जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा तुकडा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की आवाज अचानक ‘उघडतो’. हीच जवारी.

१९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा लेख लिहिला. नेहमीचा नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडतो, तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर आवाजात येत नाही. तंबोऱ्यात मात्र तो येतो, हे रामन यांनी दाखवलं. कारण घोडीवरचा तो घासता स्पर्श. तार उताराला एकाच बाजूने टेकते, म्हणून व्यवहार अरेषीय होतो आणि ऊर्जा वरच्या उपस्वरांत जाते.

म्हणजे जवारी आणि फझ एकच का? नाही. पेडल तयार झालेल्या लहरीला कापतं, जवारी तारेच्या कंपनातच हात घालते. त्यामुळे तंबोऱ्याचे उपस्वर वेळेनुसार एकामागून एक चमकत जातात. साधर्म्य इतकंच की दोन्हीकडे मुळात नसलेले उपस्वर अरेषीयतेतून येतात आणि त्यांचं प्रमाण ठरवणारी एक जागा माणसाच्या हातात असते.

जवारी काढणाऱ्याची पद्धत बघा. गायकाचा स्वर आधी पक्का होतो. मग थोडं घासायचं, तार चढवायची, दोरा ठेवायचा, ऐकायचं. पुन्हा थोडं घासायचं. प्रत्येक वेळी एकच बदल आणि लगेच कानाने तपासणी. पांढरी पट्टी आणि काळी दोन यांना एकच जवारी चालत नाही, म्हणून ‘सर्वांत चांगली जवारी कोणती’ असं तो विचारतच नाही. ‘या गळ्याला, या स्वरात कोणती’ असं विचारतो. चांगला संशोधनप्रश्न असाच असतो, अटींसकट.

५. घरी करण्यासारखा प्रयोग

लागेल काय? बेस, ऑडिओ इंटरफेस, संगणक आणि ऑडासिटी हे मोफत सॉफ्टवेअर.

पहिली पायरी. ए ची तार मोकळी ठेवा, ५५ हर्ट्झ. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर, म्हणजे तारेच्या मध्यावर छेडा आणि ध्वनिमुद्रण करा. स्पेक्ट्रम काढा. ५५, १६५, २७५ उंच दिसतील, ११० आणि २२० बसलेले. मध्यावर सम उपस्वरांचा निस्पंद असतो, त्याचा हा परिणाम. ते पूर्ण शून्य होणार नाहीत, कारण बोटाला रुंदी आहे आणि मध्य अचूक सापडत नाही.

दुसरी पायरी. त्याच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती करा. पुन्हा छेडायचं नाही, नाहीतर हाताचा फरक मिसळेल. एका प्रतीवर डिस्टॉर्शनमधलं दोन्ही बाजूंनी सारखं कापणारं हार्ड क्लिपिंग लावा, दुसरीवर सम उपस्वर वाढवणारा प्रकार. पहिल्यात ११० आणि २२० बसलेलेच राहायला हवेत, दुसऱ्यात ते उठायला हवेत. निकाल बघण्याआधी हा अंदाज वहीत लिहा.

एक सूचना. नमुने सेकंदाला ४४,१०० असतील आणि विश्लेषणाची खिडकी ४०९६ नमुन्यांची असेल तर वारंवारतेतली दोन शेजारची घरं १०.८ हर्ट्झ अंतरावर असतात. बेससाठी हे ढोबळ आहे. १६,३८४ घेतले तर अंतर २.७ वर येतं, पण त्यासाठी ०.३७ सेकंदाचा आवाज एकत्र बघावा लागतो आणि सुरुवातीचा ‘टक्’ त्यात विरघळतो. वारंवारता बारीक हवी की वेळ, हे प्रश्नावरून ठरवा.

६. कानाची परीक्षा

शेवटी टोन कानालाच आवडायचा आहे, पण कान सहज फसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालच्या वारंवारता कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की त्या जास्त भरतात. म्हणजे जे पेडल थोडं मोठं वाजतं ते आपोआप ‘जाडं’ वाटतं. त्यामुळे तुलनेआधी दोन्हींची पातळी मीटरवर सारखी करायची.

मग मित्राला पडद्याआड बसवा. नाणं उडवून तो अ किंवा ब लावेल, तुम्ही ओळखायचं. १० वेळा. नुसत्या अंदाजाने ८ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी ५६, साधारण साडेपाच टक्के. ९ किंवा जास्त येण्याची १०२४ पैकी ११, एका टक्क्याच्या थोडी वर. किती आले तर ‘फरक आहे’ म्हणायचं, हा आकडा चाचणीआधी ठरवा. इथे आठवडाभराच्या खर्चाचा प्रश्न असतो आणि कधी कधी महिन्याच्या फेलोशिपचाही. फरक ओळखताच येत नसेल तर ते पेडल घेऊन काय करायचं?

आणि फरक ओळखता आला, तरी ‘कोणता चांगला’ हे या चाचणीने ठरत नाही. ती तुमची निवड. मोजमाप निवड करून देत नाही, निवड नेमकी कशातून होतेय ते दाखवतं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा मधल्या ‘सुधारणा’ शब्दाखाली रेघ मारा. त्याच्याजागी लिहा: कोणतं बटण, कोणत्या क्रमात, बाकी काय स्थिर आणि कोणता आकडा आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन. हे चार तुकडे भरता आले तर प्रश्न तयार आहे. एखादा भरता येत नसेल, तर पुढचं वाचन तिथूनच सुरू करा.