कवितेचा हक्क, यंत्राचे पेटंट, दुकानाचे नाव

कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेडमार्क या तीन शब्दांची बोलण्यात सर्रास सरमिसळ होते. कथेचे पेटंट, दुकानाच्या नावाचा कॉपीराइट असे शब्दप्रयोग कानावर पडतात. कायद्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी घराणी आहेत आणि त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. कॉपीराइट रचना कागदावर उतरली की न मागता मिळतो. पेटंट मागितल्याशिवाय मिळत नाही आणि अर्जाआधी वाच्यता झाली, तर हातचे जाते. ट्रेडमार्क बाजारात वापरून रुजतो आणि नोंदणीने पक्का होतो. लेखक, चित्रकार, संगीतकार, कारागीर यांना चोरापेक्षा जास्त वेळा नडते ते ही वेळ चुकणे आणि समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करणे.

भारतात कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा, कायदा १९५७चा आहे. कविता वहीत लिहिली, चाल ध्वनिमुद्रित केली, चित्र काढले, संगणकाचा प्रोग्राम लिहिला की त्या क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि 'सर्व हक्क राखीव' ही ओळ नसली म्हणून काही बिघडत नाही. मग दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करायची कशाला? पुराव्यासाठी. वाद न्यायालयात गेला, तर नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. नोंद नसेल तर तारखा असलेली हस्तलिखिते, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार, जुने ईमेल यांवर भिस्त ठेवावी लागते. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत १९२८पासून असल्यामुळे मराठी लेखकाचे पुस्तक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्येही संरक्षित असते.

संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नाही. 'रुचिरा' हे कमलाबाई ओगल्यांचे पुस्तक घेतले, तर त्यातली वाक्ये, समजावून सांगण्याची पद्धत आणि पुस्तकाची रचना यांना हक्क आहे. पुरणपोळीची कृती मात्र कोणाच्याच मालकीची नाही. कोणीही ती स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. या तत्त्वाचा गाजलेला निकाल १९७८चा आहे. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांचे म्हणणे होते की, १९५६चा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यांच्या नाटकावरून उचलला आहे. दोन्हींत प्रांतीयतेचा विषय होता आणि दोन्हींत दोन प्रांतांतल्या मुलामुलीचे प्रेम होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कलाकृती शेजारी ठेवून पाहिल्या आणि विषय एक असला तरी उभारणी वेगळी आहे, असा निर्णय दिला. निर्मात्याला गोष्ट ऐकवून आलेल्या आणि पुढे तशीच गोष्ट पडद्यावर पाहिलेल्या लेखकाला हा निकाल कठोर वाटेल. त्यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे: दोन ओळींची कल्पना सांगत फिरण्यापेक्षा प्रसंग, पात्रे, संवाद यांसह संहिता लिहून मगच दार ठोठावावे.

शीर्षकाचीही तीच गत. एका लेखकाने 'देसी बॉइज' या नावाने कथासार लिहून लेखकांच्या संघटनेत नोंदवले होते. २०११मध्ये जवळपास त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. शीर्षक ही स्वतंत्र साहित्यकृती नाही, त्यामुळे त्यावर कॉपीराइट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये स्पष्ट केले. निर्मात्यांच्या संघटना चित्रपटांची नावे नोंदवून घेतात, पण ती सभासदांची आपसातली व्यवस्था आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क ६० वर्षे टिकतो आणि ही वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य १ जानेवारी २०११पासून मुक्त झाले. 'श्यामची आई' आज कोणीही छापू शकतो, त्याचे नाट्यरूपांतर करू शकतो. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० संपेपर्यंत राहील. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण निराळे आहे. त्या डिसेंबर १९५१मध्ये गेल्या आणि त्यांचा कवितासंग्रह १९५२मध्ये निघाला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून त्या संग्रहाची मुदत २०१२अखेर संपली.

मूळ रचना मुक्त असली तरी तिच्यावर उभे राहिलेले नवे काम मुक्त नसते. तुकारामांचे अभंग सर्वांचे आहेत. दिलीप चित्रे यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद मात्र चित्र्यांची निर्मिती आहे आणि तिला स्वतःचा हक्क आहे. एखाद्या संगीतकाराने अभंगाला दिलेली नवी चाल त्याची, त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचे आणि गायकाला सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क. भजनाच्या चित्रफितीला लोकप्रिय ध्वनिमुद्रण जोडणारे बरेच जण इथेच फसतात.

आता मालकीचा प्रश्न, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक संस्था असते. वृत्तपत्रातल्या किंवा मासिकातल्या नोकरदार लेखकाला कायद्याने थोडी मोकळीक दिली आहे: नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा, बाकीचे हक्क लेखकाचे. बाहेरून लिहिणाऱ्या स्तंभलेखकाने तर लेखी काही दिलेच नसेल, तर सगळे हक्क त्याच्याकडेच असतात. छायाचित्रकारांना मात्र एक तरतूद अनेकदा माहीत नसते. कोणी पैसे देऊन छायाचित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. लग्नाचे फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर ते आधी लिहून घ्यावे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी शब्दावर किंवा नुसत्या मानधनाच्या पावतीवर हक्क हस्तांतरित होत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे करारात असायला हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक मोलाची भर घातली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ते त्या करारात धरले जात नाही. बोलक्या पुस्तकांचा आणि ईपुस्तकांचा बाजार वाढत असताना 'सर्व हक्क कायमचे' या छापील ओळीवर सही करण्याआधी हे लक्षात असायला हवे. त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी स्वामित्वधनाचा समान वाटा दिला आणि तो हक्क सोडून देण्याचा करारही अवैध ठरवला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या बाजूने ठामपणे मांडणी केली होती.

हक्क विकल्यानंतरही निर्मात्याकडे दोन गोष्टी उरतात: कृतीवर आपले नाव असण्याचा हक्क आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकले गेले. त्याची नासधूस झाली. शिल्पाचे मालक सरकार होते, तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प सहगल यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मोबाइलवर रोज फिरणाऱ्या मराठी कविता, कवीचे नाव गाळून किंवा दुसऱ्याच प्रसिद्ध नावाखाली, याच हक्काला धक्का देतात. ती सवय निरुपद्रवी नाही. अनेक कवींची ओळख त्यात पुसली जाते.

परवानगी न घेता काय चालते? परीक्षण, टीका, खासगी अभ्यास, संशोधन, बातमी यांसाठी वाजवी वापर चालतो. 'चार ओळी चालतात' असा आकडा मात्र कायद्यात कुठेही नाही, आणि 'साभार' लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असेही नाही. शाळा-महाविद्यालयात विद्यार्थी आणि शिक्षक यांनी आपल्याच परिवारापुढे नाटक केले, किंवा हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला, तर कायदा सूट देतो. तिकीट लागले की नाटककाराची परवानगी आणि मानधन आलेच. लग्नाच्या वरातीतल्या गाण्यांनाही सूट आहे.

उल्लंघन झालेच, तर लेखकाला मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल करता येतो. दोष सिद्ध झाल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

पेटंटची चाल नेमकी उलटी. शोध नवा हवा, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यापलीकडचा हवा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते आणि ज्या देशात घेतले तिथेच चालते. विज्ञान मेळाव्यात यंत्र मांडले, त्याची चित्रफीत टाकली, वर्तमानपत्रात मुलाखत दिली आणि मग अर्ज केला, तर शोधाचे नवेपणच संपलेले असते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे मोजके अपवाद आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये. काम अपुरे असेल तर तात्पुरते विवरण देऊन तारीख पदरात पाडून घेता येते आणि पुढच्या १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते. नुसता संगणक प्रोग्राम, शेतीची पद्धत, रोग बरा करण्याची रीत आणि पारंपरिक ज्ञान यांना भारतात पेटंट मिळत नाही. शेतीचे नवे अवजार मात्र पात्र ठरू शकते.

पारंपरिक ज्ञानाची लढाई हळदीने गाजवली. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये दिले गेले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३चा एक शोधनिबंध पुरावा म्हणून पुढे केला आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीचा बटवा हा पुरावा आहे, पण तो लिहिलेला असावा लागतो, हे त्यातून दिसले.

बियाण्याला पेटंट नाही, त्यासाठी २००१चा वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात निवड करत करत एचएमटी हे तांदळाचे वाण तयार केले. ते शेतकऱ्यांच्या हातोहात दूरवर गेले. त्या वेळी हा कायदाच नव्हता. वाण पसरले, पण त्या मानाने दादाजींच्या पदरी फार थोडे पडले.

ट्रेडमार्क हे ग्राहकाच्या मनातल्या ओळखीचे संरक्षण आहे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी म्हणजे या कायद्याचे घरगुती रूपच. नोंदणी १९९९च्या कायद्याखाली होते, १० वर्षे टिकते आणि शुल्क भरून कितीही वेळा वाढवता येते. मालाचे आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत आणि संरक्षण ज्या वर्गात घेतले त्यापुरतेच मुख्यत्वे मिळते. नाव जितके वर्णनात्मक, तितके दुबळे: 'गोड आंबा' हे नाव आंबेविक्रेत्याला मिळणे जवळपास अशक्य. नोंदणी नसलेल्या पण नावारूपाला आलेल्या दुकानालाही नक्कल रोखता येते, फक्त तिथे स्वतःचा लौकिक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. नावापुढे 'टीएम' कोणीही लावू शकतो. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणीनंतरच, अन्यथा दंड होऊ शकतो. बोधचिन्ह बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतले असेल, तर त्यातल्या चित्राचा कॉपीराइट लेखी करारानेच मालकाकडे आणावा. नाहीतर नाव दुकानाचे आणि चित्र दुसऱ्याचे, अशी अवस्था होते.

संपूर्ण समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या वस्तूला या तिन्हींपैकी एकही चौकट नीट बसत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी काढलेल्या चित्राला कॉपीराइट आहे, वारली शैलीला नाही. ती जागा भौगोलिक मानांकन भरून काढते. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांना मिळून दिलेले आहे आणि त्यात दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे येतात. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या कार्यक्रमात तशाच चपला दाखवल्या तेव्हा संताप उसळला आणि कंपनीने त्यांच्या भारतीय मुळाची कबुली दिली. पण मानांकन भारताच्या हद्दीत आणि प्रामुख्याने नावाला संरक्षण देते. 'कोल्हापुरी' हा शब्द न वापरता तशी चप्पल दाखवणे मिलानमध्ये कसे रोखायचे, याचे उत्तर या कायद्यात नाही.