मंडईतील दुपार आणि हातातले नाणे

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजीचा गाळा चालविणाऱ्याचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन माल पाहायचा, भाव ठरवायचा, टेम्पोत पोती चढवायची आणि मंडईत येऊन मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पाण्याचा हबका मारून रचायच्या. दुपारी बारापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. संध्याकाळी पुन्हा तीच झुंबड, आणि रात्री हिशेब जुळवून घरी पोहोचेपर्यंत डोळे मिटू लागलेले असतात. अशा माणसाला कुणी छंद विचारला तर तो हसेल. तरीही त्याच्याच वयाच्या कितीतरी जणांनी शाळेत असताना पत्त्यांची एखादी जादू केलेली असते, हातरुमालातून नाणे नाहीसे केलेले असते आणि वर्गात टाळ्या मिळवलेल्या असतात. पुढे दुकान, नोकरी, संसार आला आणि ‘वेळच मिळत नाही’ या एका वाक्यावर तो सारा खेळ संपला.

हे वाक्य खरे आहे काय, हे मंडईतच तपासून पाहण्यासारखे आहे, कारण वेळेची टंचाई जशी येथे आहे तशी फार थोड्या ठिकाणी असेल. मंडईची इमारत ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने, ‘रे मार्केट’ म्हणून खुली झाली. तोपर्यंत शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. एवढा पैसा इमारतीवर घालण्याला ज्यांनी विरोध केला त्या जोतीराव फुले यांचेच नाव पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला मिळाले, हा पुणेरी इतिहासातला एक मासलेवाईक योग होय. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेली दालने यांत तेव्हापासून हात अखंड चालू आहेत. तोलणारे, निवडणारे, मोजणारे, सुटे परत करणारे हात. मुद्दा हातांचाच आहे.

जादूची युक्ती समजायला दहा मिनिटे पुरतात. हाताला ती समजायला मात्र महिने लागतात. नाणे तळहातात दडविण्याचे उदाहरण घ्यावे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि समोरची तळहाताची कड यांच्यामध्ये नाणे अलगद पकडायचे असते. पकडणे सोपे आहे. कठीण हे की, पकडल्यावर बोटे सैल, नैसर्गिक, रिकामी दिसली पाहिजेत. नवशिक्याचा अंगठा ताठ होतो, बोटे चिकटून बसतात आणि समोरचे लहान मूलसुद्धा सांगते, ‘त्या हातात आहे!’ बँकेतल्या रोखपालाला नोटा मोजताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा फरक लगेच कळेल. तो बोटांकडे पाहत नाही. समोरच्या खातेदाराशी दोन शब्द बोलतो, आणि तरी शंभराची थप्पी अचूक शंभरावर थांबते. ही करामत त्याने वेगळा वेळ काढून साधलेली नसते. रोजच्या कामाने ती त्याच्या बोटांत उतरलेली असते.

हे ओळखलेले लोक जादूच्या इतिहासात आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात मार्शलटाउन येथे टी. नेल्सन डाउन्स नावाचा रेल्वेचा तारबाबू होता. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळेत तो हातात नाणी घेऊन बसे. १८९९ साली हाच माणूस लंडनच्या पॅलेस थिएटरात हवेतून नाणी काढून टोपीत टाकीत होता आणि ‘नाण्यांचा राजा’ म्हणून ओळखला जात होता. फ्रान्सचा रॉबेर-उदँ मूळचा घड्याळजी. त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, रस्त्याने चालतानाही सराव करता यावा यासाठी त्याने कोटाला सोयीचे खिसे ठेवले होते. खिशात हात, हातात नाणे किंवा पत्ता, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. पॅरिसमध्ये त्याचे स्वतःचे नाट्यगृह १८४५ साली उघडले तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. आधुनिक जादूचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात त्याची ही उमेदवारी घड्याळे दुरुस्त करता करता झाली होती.

पुण्यापुरते बोलायचे तर जादूगार रघुवीर यांचे नाव टाळून पुढे जाता येणार नाही. चाकणजवळच्या आंबेठाणचे, पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात शिकलेले रघुवीर भोपळे (१९२४ ते १९८४) यांनी मराठी माणसाला रंगमंचावरची जादू दाखविली, देशोदेशी प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांनी ती परंपरा तिसऱ्या पिढीपर्यंत नेली. परंतु ज्या घरात जादू हाच व्यवसाय आहे तेथे सराव म्हणजे कामाचाच भाग असतो. हौशी माणसाचे गणित निराळे आहे. त्याला घराण्याचा वारसा नाही, तालमीची खोली नाही आणि रात्री नाणे फरशीवर खणखणले तर घरचे जागे होतात. (त्यावर जुना उपाय असा की, पलंगापाशी उभे राहून गादीवर हात ठेवावा, पडलेले नाणे आवाज करीत नाही आणि वाकावेही लागत नाही.)

मंडईत दुपारी एक ते चार हा काळ सुस्त असतो. कुणी पोत्यावर डुलकी घेतो, कुणी मोबाइल पाहतो, कुणी शेजारच्या गाळ्याशी राजकारण बोलतो. यातली पंधरा मिनिटे नाण्याला देता येतात. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि प्रौढ माणसाच्या तळहातात ते बरे बसते. वीस रुपयांचे बारा कोनी नाणे तेवढ्याच व्यासाचे आहे, परंतु त्याचे कोपरे हाताला वेगळे लागतात. आरंभ गोल नाण्यानेच करावा. सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटातून मेट्रोही धावते. स्वारगेटकडे किंवा शिवाजीनगरकडे जाताना एक हात दांडीला आणि दुसरा खिशात, एवढी सोय रॉबेर-उदँच्या पॅरिसमध्ये नव्हती.

एवढ्याशा वेळाने काय होणार, अशी शंका येईल. १९७८ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. टपाल खात्याच्या माणसांना टंकलेखन शिकवायचे होते. काहींना दिवसाला एकच तास शिकविले, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठकांत चार तास. रोज एक तासवाल्यांना शिकण्यासाठी लागलेले एकूण तास सर्वांत कमी भरले. दिवस मात्र जास्त लागले, आणि गंमत अशी की सर्वांत असमाधानी तेच होते, कारण आपण मागे पडलो असे त्यांना वाटत होते. दरमहा थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकणाऱ्यालाही पहिले वर्षभर असेच वाटत असते.

मात्र खिशातला सराव पुरेसा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. न पाहता केलेल्या सरावात चुकाही तितक्याच पक्क्या होतात. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास अखंड, आरशासमोर किंवा मोबाइलचा कॅमेरा लावून, उभ्याने करावयास हवा. त्यात पाहायचे ते नाणे नव्हे, डोळे. ज्या हातात वस्तू आहे त्याच हाताकडे करणाऱ्याची नजर जाते, आणि प्रेक्षक नेहमी त्या नजरेमागून जातो. हा अर्धा तास गाळ्यावर मिळत नाही. तो सुट्टीच्या दिवशी घरच्यांकडून मागूनच घ्यावा लागतो, आणि मागताना तो कशासाठी हवा हे सांगावे लागते. बहुतेकांचा छंद वेळेअभावी नव्हे, या मागण्याच्या संकोचापायी सुटतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या माणसाच्या हातून दिवसभर लोकांचे पैसे जातात, त्याने हातचलाखी शिकावी काय? ग्राहक तराजूच्या काट्याकडे पाहतो, परत आलेले सुटे मोजतो, आणि काही महिन्यांनी दोन्ही करणे सोडून देतो. हे सोडून देणे म्हणजेच दुकानाची पत. ती मिळवायला बाप-आजोबांची वर्षे गेलेली असतात. नाणे दडविणारा हात एकदा ग्राहकाने पाहिला, की पुढच्या वेळी तो सुटे पुन्हा मोजू लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. कौशल्य दोन्हीकडे एकच असते. १९०२ साली अर्डनेस या टोपणनावाने अमेरिकेत पत्त्यांवर एक पुस्तक निघाले. त्यात जुगारातल्या लबाडीची तंत्रे आणि करमणुकीची जादू शेजारीशेजारी आहेत, आणि जगभरचे जादूगार आजही ते अभ्यासतात. त्यामुळे गाळ्यावर बसणाऱ्याने काही बंधने पाळलीच पाहिजेत. ग्राहकाच्या पैशांवर खेळ नाही, गंमत म्हणूनही नाही. सरावाचे नाणे गल्ल्यातले नव्हे, वेगळ्या खिशातले. आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना हात रिकामा. हे जमत नसेल तर नाणे सोडून दोरीचा किंवा पेल्यांचा खेळ शिकावा. त्यात तरी ही अडचण येत नाही.

तीन पेले आणि गोळ्या यांचा खेळ तर मंडईसाठीच जन्मलेला वाटतो. तो फार जुना आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने जवळजवळ २००० वर्षांपूर्वी आपल्या एका पत्रात त्याचा उल्लेख केला आहे आणि युक्ती कळली की गोडी जाते असेही म्हटले आहे. आपल्याकडचा रस्त्यावरचा जादूगार तो जमिनीवर उकिडवा बसून, वर मूठ असलेल्या उथळ लाकडी वाट्या आणि कापडी गोळ्या घेऊन करतो. साहित्य जवळच मिळते. एकात एक सैल बसणारे तीन पितळी पेले तुळशीबागेत सापडतात, गोळ्या सुती दोऱ्याच्या करता येतात. शेवटी पेला उचलला की गोळीच्या जागी काही मोठेच निघावे, अशी रीत आहे, आणि त्यासाठी जगभर लिंबू वापरतात. लिंबू निवडण्यात मंडईवाल्याचा हात कोण धरणार? कागदी, पातळ सालीचे, पेल्याच्या तोंडापेक्षा बोटभर लहान, आणि पिवळेधमक, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही दिसेल. ते पेल्याखाली जाते कसे, हे येथे छापणे उचित नाही.

एक नाणे, एक दोरी, तीन पेले: वर्षाला एवढे पुष्कळ झाले. बाजारात तयार जादूच्या पेट्या मिळतात आणि मोबाइलवर रोज नवी युक्ती दिसते. दहा खेळ अर्धे येण्यापेक्षा एक पुरता यावा, हे सर्वांना पटते आणि कुणीच पाळत नाही. अर्धवट खेळ प्रथम घरच्यांपुढेच होतो. मुलाला नाणे दिसते, तो ओरडतो, ‘बाबा, दिसलं!’ आणि मग बाबा तो खेळ पुन्हा काढीत नाहीत. म्हणून घाई करू नये. मकरसंक्रांतीच्या सुमारास आरंभ केला तर गणेशोत्सवापर्यंत सात-आठ महिने मिळतात. सोसायटीच्या किंवा मंडळाच्या करमणुकीच्या कार्यक्रमात मुलांची नाच-गाणी झाल्यावर पाच मिनिटे कुणीही देतो. टेबल थोडे उंच घ्यावे, ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि लिंबू त्याच दिवशी सकाळी स्वतःच्या गाळ्यावरून निवडून न्यावे.