शेवटच्या भेटीची तारीख

एखादा मनुष्य कार्यालयाच्या संगणक-यंत्रणेंत अखेरचा केव्हां आला, याची तारीख पडद्यावर दिसली कीं ती अचूकच असणार, असें सामान्यतः मानलें जातें. वस्तुस्थिति निराळी आहे.

मायक्रोसॉफ्टची ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ ही खातेवही पाहावी. मोठ्या कार्यालयांत तिच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. ज्या संगणकाकडून प्रवेश मिळतो, त्याच्याचपाशीं त्या प्रवेशाची नेमकी वेळ राहते. इतरांना ती कळत नाहीं. प्रत्येक प्रवेश सर्वांना कळवावयाचा, तर जाळ्यावर नाहक भार पडेल. म्हणून २००३ सालच्या सर्व्हर-आवृत्तींत दुसरी, सर्वत्र कळविली जाणारी तारीख योजण्यांत आली. ती रोज बदलत नाहीं. जुनी नोंद साधारणतः ९ ते १४ दिवसांची झाली म्हणजेच पुढील प्रवेशाला बदलते. सर्व खात्यांचा भार एकदम येऊं नये, म्हणून ही मुदत यदृच्छेनें कमीअधिक होते.

तात्पर्य, काल येऊन गेलेला मनुष्यही १३ दिवस गैरहजर दिसूं शकतो. महिनोन्महिने निजलेलीं खातीं शोधण्यास ही तारीख पुरेशी आहे. गेल्या आठवड्याच्या हजेरीचा निवाडा मात्र तिच्यावरून करूं नये. नाहीं तर, नित्य कामावर असणाऱ्याचेंच खातें बंद व्हावयाचें!