टेलिहँडलरचे टायर : निवड आणि निगा

लांब होणारी बूम पुढे करून विटा, सिमेंटच्या गोण्या किंवा गवताचे गठ्ठे उंचावर पोहोचविणारे यंत्र म्हणजे टेलिस्कोपिक हँडलर, अर्थात टेलिहँडलर. ब्रिटनमधील जेसीबी कंपनीने १९७७ मध्ये 'लोडऑल' या नावाने असे यंत्र बाजारात आणले. आज भारतातही बांधकामांवर आणि कारखान्यांच्या आवारांत ही यंत्रे वापरली जातात. खरेदीच्या वेळी इंजिनाची शक्ती आणि बूमची पोहोच यांची बारकाईने चौकशी होते. टायरचा विचार मात्र पुष्कळदा पहिला टायर फुटल्यानंतरच सुरू होतो.

वास्तविक या यंत्राचा तोल टायरवरच अवलंबून असतो. बहुतेक टेलिहँडलरना मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. मागचा आस मध्यभागी खिळीवर झुलता असतो. त्यामुळे यंत्राचा आधार चौकोनी नसून पुढची दोन चाके आणि मागची खिळी यांनी साधलेला त्रिकोण असतो. भार उचलला की बहुतांश वजन पुढच्या चाकांवर येते. या चाकांमधील अंतर २ मीटर आहे आणि कमी हवेमुळे एका बाजूचा टायर ३ सेंटिमीटरने अधिक दबला, असे धरू. अशा वेळी १० मीटर उंचीवरचा भार १५ सेंटिमीटर बाजूला सरकतो. भार सरकला की त्याच टायरवरचा ताण वाढतो आणि तो आणखी दबतो. यंत्र कलंडण्याची सुरुवात अशी होऊ शकते. स्टॅबिलायझर, म्हणजे आधाराचे पाय, टेकवून पुढची चाके उचलली तर ही अडचण राहत नाही. परंतु भार घेऊन चालताना हे पाय वरच असतात.

केबिनमधील भार-तक्त्यात दिलेले आकडे हे निर्मात्याने ठरविलेले टायर आणि त्यांतील ठराविक दाब गृहीत धरूनच काढलेले असतात. म्हणून टायर बदलताना केवळ रिमवर बसतो, एवढे पाहून भागत नाही. टायरच्या बाजूवर ४६०/७० आर २४, १५९ ए८ असे लिहिलेले असेल, तर पहिले आकडे मापाचे असतात, १५९ हा ४,३७५ किलो भाराचा निर्देशांक असतो आणि ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगमर्यादा. नव्या टायरचा निर्देशांक जुन्यापेक्षा कमी असता कामा नये.

बायस टायर, ज्याला बाजारात नायलॉन टायर म्हणतात, बाजूने कणखर असतो. रेडियल टायर जमिनीवर अधिक पसरतो, त्यामुळे मऊ शेतजमिनीत तो कमी रुततो. शेतासाठी खोल, तिरप्या दांड्यांची नक्षी चांगली. पण तीच काँक्रीटवर लवकर झिजते. तेथे रुंद ठोकळ्यांची नक्षी टिकते. मुंबईत मुख्यालय असलेली बालकृष्ण इंडस्ट्रीज ही कंपनी अशा कामांचे टायर बनवून परदेशी पाठविते, तेव्हा देशात पर्यायांची उणीव नाही.

बांधकामावर सळ्यांचे तुकडे, खिळे आणि बांधणीची तार यांमुळे पंक्चर नित्याचे असते. यावर एक उपाय म्हणजे टायरमध्ये पॉलियुरेथेनचा फोम भरणे. त्यामुळे हवा जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र चाकाचे वजन बरेच वाढते, आस आणि ब्रेक यांवर ताण येतो व चालकाला हादरे बसतात. काही यंत्रांच्या भार-तक्त्यात फोमचे वजन मुळातच धरलेले असते; अशा यंत्राला पैसे वाचविण्यासाठी हवेचे टायर बसविणे म्हणजे त्याचे स्थैर्यच काढून घेणे होय. भर रबराचे टायर भंगाराच्या आवारात उपयोगी ठरतात, पण खडबडीत रस्त्यावर ते त्रासदायक असतात.

हवा सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी तपासावी. तापमान १० अंशांनी बदलले की दाब सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. रात्री तो टायर अपुऱ्या दाबाचा ठरतो. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळत असल्याने एक नवा आणि एक झिजलेला टायर शेजारी बसविल्यास त्यांच्या घेरातील फरकाचा भार गिअर आणि आसावर पडतो. निदान एका आसाचे दोन्ही टायर एकत्र बदलावेत. बाजूच्या भिंतीवर आतील धागे दिसू लागले, तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर काढावा.

हवा भरताना लांब नळी वापरून टायरच्या समोर नव्हे, तर बाजूच्या भिंतीच्या पट्ट्याबाहेर उभे राहावे. चाक काढताना नट सैल करण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी आणि चाक पुन्हा बसविल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळावेत. टायर चढविलेल्या रिमला, हवा काढलेली असली तरी, वेल्डिंग करू नये. उष्णतेने आतील रबरातून ज्वलनशील वायू निर्माण होतो आणि त्याचा स्फोट जीवघेणा ठरतो.