काच शिकविणारी शाळा

कारखाना काढण्यास काय लागते, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते : भांडवल, कच्चा माल आणि यंत्रे. परंतु ज्या बारामती-इंदापूरकडील श्रोत्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना या उत्तरातील उणीव लगेच कळेल. ऊस शेतातला, काहील भाड्याची, चुलवाण गावच्या मातीचे. पण गुळव्या चांगला नसेल तर रस काहिलीत असूनही गूळ साधत नाही. पाक कोणत्या क्षणी उतरवायचा हे त्याच्या डोळ्यांत असते. ते पुस्तकात लिहिता येत नाही आणि तारेने मागविता येत नाही.

काचेचेही असेच आहे. म्हणून आज ज्या संस्थेविषयी सांगावयाचे आहे तिला लोक काच कारखाना म्हणून ओळखत असले, तरी मी तिला शाळा म्हणतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळातील तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली निघालेला हा पैसा फंडाचा काच कारखाना.

पैसा फंड ही अंताजी दामोदर काळे या शिक्षकाची कल्पना. दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे करावेत, इतकीच ती साधी. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. कल्पना ऐकून कोणाला वाटेल, एका पैशाने काय होणार? तेव्हा रुपयाचे पैसे होते चौसष्ट. म्हणजे लाख माणसांनी पैसा दिला तर जमणार अवघे १,५६२ रुपये ८ आणे! भट्टी उभारणाऱ्या संस्थेला ही रक्कम थोडीच. पण या हिशेबाची दुसरी बाजू अशी, की या भांडवलावर कोणा एका भागधारकाचा डोळा नव्हता. नफा दाखवा, नाही तर कारखाना विका, असे म्हणणारा धनी नव्हता. नफा न देणारे काम, म्हणजे शिकविण्याचे काम, असल्याच पैशावर चालू शकते.

आता काच होते कशी ते पाहू. वाळू, सोडा आणि चुना हे तिचे तीन मुख्य घटक. साधारण शंभर भागांत सत्तरांहून अधिक भाग वाळूचा अंश, पंधराच्या आसपास सोड्याचा आणि दहाएक चुन्याचा. शुद्ध वाळू वितळविण्यास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस उष्णता लागेल. सोड्याने ती बरीच खाली येते. पण नुसती वाळू आणि सोडा वितळविला तर होणारा पदार्थ पाण्यात विरघळतो. त्याला पाण्यात टिकविण्याचे काम चुना करतो. वाळूत लोखंडाचा अंश असला की काच हिरवट उतरते. तो रंग मारण्यासाठी किंचित मँगनीज घालतात. काचेला लावलेला हा साबणच म्हणाना!

येथे कोणी म्हणेल, सोडा तर आमच्या रानात पडलेला आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागल्यावर निचऱ्याअभावी अनेक जमिनी बिघडल्या, चोपण झाल्या. पांढरी फुटलेली ती रानेही आपल्या परिचयाची आहेत. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या क्षारजमिनींवर १९१० साली शेतकी खात्यासाठी पुस्तिकाच लिहिली. परंतु ती पांढरी कड म्हणजे अनेक क्षारांचे मिश्रण असते. ते जसेच्या तसे मुशीत टाकून भागत नाही. वऱ्हाडातील लोणार सरोवराचा खार निराळा. त्या डोंगरात काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळच्या आइन-इ-अकबरीत आहे. जुने काचारी खाऱ्या मातीपासून बांगडीची काच करीतच होते. म्हणजे माल देशात अगदीच नव्हता असे नाही.

मग अडले कोठे? कंदिलाची काच डोळ्यांपुढे आणा. ती पेटत्या ज्योतीभोवती तासन्‌तास तापते आणि वरून पावसाचा थेंब पडला की तडकते, हे पूर्वी घरोघर ठाऊक होते. एक भाग तापून फुगलेला, दुसरा अचानक आखडलेला. काच ही ओढाताण सोसत नाही. काचेची जाडी एका बाजूस जास्त, एका बाजूस कमी असेल तर थेंबाचीही गरज नाही, ती आपोआप फुटते. आता ही जाडी सर्वत्र सारखी ठेवणारे यंत्र कोणते? फुंकणाऱ्याचे मनगट! लोखंडी फुंकनळीच्या टोकावर तो मुशीतला पाक गुंडाळून घेतो. पाक मधासारखा ओघळू पाहतो, म्हणून नळी सतत फिरती ठेवावी लागते. फिरविता फिरविता फुंकायचे, साच्यात उतरवून पुन्हा फुंकायचे, आणि हे सर्व काच थिजण्यापूर्वी, म्हणजे काही पळांतच. श्वास जोराचा झाला तर भिंत पातळ पडते, हात थबकला तर एका बाजूस लोळा जमतो. पुढे ती वस्तू दुसऱ्या भट्टीत सावकाश निववावी लागते. घाई केली तर कपाटात ठेवलेला पेला रात्री कोणी न शिवता फुटतो. बांगडी करणाऱ्या काचाऱ्याचे कसब मोठे, पण ते फुंकण्याचे नव्हे.

हे कसब नसल्यामुळेच आपले आरंभीचे कारखाने बुडाले. त्यांनी युरोपातून आणि जपानातून जड पगारावर कारागीर आणविले. पगार परवडेना, आणि ज्याच्या विद्येवर पोट आहे तो ती दुसऱ्यास सुखासुखी देत नाही. त्याला दोष कशाला द्यावा? आपल्याकडचे वैद्य तरी काय करीत होते?

तळेगावचा विचार उलटा होता. कारागीर आणावयाचे नाहीत, घडवावयाचे. या कामी ईश्वरदास वार्ष्णेय हे तरुण मिळाले. अलीगढकडचे हे गृहस्थ जपानात व नंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात शिकून आले होते. संयुक्त प्रांतातला तंत्रज्ञ, मराठी माणसांचा पैसा आणि मावळातले गाव, असा हा योग. तळेगावात त्या काळी विजापूरकरांचे समर्थ विद्यालयही होते. सरकारने ते १९१० साली बंद पाडले. टिळक तर १९०८ सालीच मंडालेस गेले. अशा दिवसांत राष्ट्रीय म्हणविणारी भट्टी पेटती राहिली, याचे एक कारण मला असे दिसते, की चिमण्या फुंकणे हा राजद्रोह ठरविणे सरकारलाही जड गेले असते.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया व बेल्जियमचा माल बंद झाला. जपानी मालाने ती जागा घेतली आणि देशी कारखान्यांनाही उसंत मिळाली. ठिकठिकाणच्या कारखान्यांना फुंकणारे हात हवे होते आणि ते तळेगावात तयार झालेले होते. शिकलेला माणूस जादा पगारावर निघून जाई. व्यापारी कारखान्याच्या खतावणीत ही शुद्ध तूट. माझ्या मते मात्र या संस्थेच्या यशाचे माप हेच. शाळेतून विद्यार्थी बाहेर पडला म्हणून कोणी शाळेचे नुकसान मांडत नाही.

महाराष्ट्रात तळेगावनंतर आठ वर्षांनी, १९१६ साली, ओगले बंधूंनी औंध संस्थानात कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. वडिलांच्या नावावरून त्यांनी आपल्या कंदिलास 'प्रभाकर' नाव दिले, आणि तो कंदील मराठी मुलखात घरोघर टांगला गेला. सरकारची मदत मात्र काचेला मिळाली नाही. टॅरिफ बोर्डाने १९३२ साली संरक्षणाची शिफारस केली; १९३५ साली सरकारने ती नाकारली. कारण काय, तर सोडा देशात होत नाही! टाटांचा मिठापूरचा रसायन कारखाना १९३९ साली स्थापन झाला. सोडा देशात होऊ लागला, पण त्यासाठी अडवून धरलेली वर्षे परत कोण देणार?

आज बाटल्या यंत्रे फुंकतात, खिडकीची काच वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते. कंदील बाजारातून जवळजवळ गेला. कोलकात्यास जादवपूर येथे १९५० साली काच व मृत्तिका संशोधनाची मध्यवर्ती संस्था निघाली, आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात काचेचे तंत्र पदवीपर्यंत शिकविले गेले. तरीही रसायनाच्या प्रयोगशाळेत एखादे वेडेवाकडे उपकरण हवे असले, दोन नळ्यांचा सांधा कोठेही न गळता जुळवावयाचा असला, की शास्त्रज्ञाला यंत्र सोडून ज्योतीसमोर बसलेल्या काच-कारागिराकडे जावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अशा कामासाठी स्वतःचा काच फुंकण्याचा विभाग उभारला होता. तेथेही नवा माणूस प्रथम शिकतो ते एकच : दोन्ही हातांनी नळी एकाच गतीने फिरविणे.